गंगाजल थुंकायचं नसतं

राघोत्तममामांच्या हातचं जेवून तृप्तीचा ढेकर दिलेली माणसं चेन्नईच्या मैलापुरात आणि वेस्ट मांबलममध्ये शेकड्यांनी सापडतील. त्यांच्यातल्या एकाला तरी विचारून बघा, मामा स्वतः काय जेवायचे? नाही सांगता येणार. मी सांगते. पाणी घातलेलं गार ताक आणि त्यात कुस्करलेला भात, तोही डोळे मिटून, एरंडेल घ्यावं तसा. मी त्यांच्या शेजारच्या दारातली भाडेकरू, नात्याची ना गोत्याची. पण ही हकीकत नातेवाइकांवर सोपवली तर ते काय सांगतील हे मला ठाऊक आहे, म्हणून मीच सांगते.

आम्ही कराडहून चेन्नईला आलो ते २००५ साली. महेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली होती. पहाटे कंपनीची बस त्याला घेऊन जायची ती अंधार पडल्यावरच परत आणायची. मी दिवसभर फ्लॅटमध्ये एकटी, तमिळ येत नाही म्हणून दुधाच्या पिशवीपासून सगळीकडे अडलेली. एक दिवस जिन्यात शेजारच्या बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "पाणी आलें की नाहीं वो आज?" मी पायरीवरच बसले. इतक्या दिवसांत घराबाहेर ऐकलेलं ते पहिलं मराठी वाक्य. त्या हेमावतीमामी, राघोत्तममामांची बायको. ही तंजावरकडची, मराठेशाहीत तिकडे गेलेली मंडळी. त्यांची मराठी पिढ्यान् पिढ्या डब्यात झाकून ठेवलेली, जुनी, आणि मध्ये मध्ये तमिळचा तडका. त्या दिवसापासून मी त्या घरचीच झाले.

मामा आचारी होते. आचारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोट येतं. मामांना पोट नव्हतंच. बरगड्या मोजून घ्या. श्राद्ध, मुंज, मठातली समाराधना, असा सोवळ्यातला स्वयंपाक ते करायचे. सोवळ्याला इकडे मडी म्हणतात. पहाटे आंघोळ, अंगावर ओलं धोतर, आणि मग पितरांची किंवा देवाची पानं होईपर्यंत तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. चव बघण्याचा तर प्रश्नच नाही. चाखलं की उष्टं झालं. मीठ डोळ्यांनी, आंबट वासानं, उकळी कानानं. पन्नास माणसांचं सार ते न चाखता उतरवायचे आणि त्यात कधी कण कमी नाही की जास्त नाही. ऑर्डरी आणायचा त्यांचा भाचा गिरीधर. कमरेला मोबाइल, कपाळाला गंध, आणि बोलणं असं की जणू चुलीवर हाच बसतो.

मामांचं तोंड जळायचं. दुसरा शब्द नाही. चटका बसल्यावर जीभ जशी होते तशी, पण चटका न बसता, आणि रोज. सकाळी उठताना बरं असायचं. सूर्य वर चढेल तसा जाळ चढायचा, आणि दुपारी जेवायच्या वेळेला ओठ, जीभ, टाळू, सगळं पेटलेलं. मी आले तेव्हा या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली होती.

"तोंडांत निखारा ठेविल्यागत आहे, बाई," ते मला म्हणाले होते. "आणि डाक्टर म्हणतो, निखारा दिसत नाहीं."

डॉक्टर काय थोडे झाले? एकानं जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. एकानं बुरशीवरचा मलम दिला. एका दंतवैद्यानं दोन चांगले दात काढले आणि म्हणाला, आता बघू. दुकानातलं चूळ भरायचं निळं औषध कोणी तरी सुचवलं. त्यातल्या अल्कोहोलनं आणि पुदिन्यानं मामा त्या दिवशी तोंडात बर्फ धरून बसले होते. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, की तोंड लख्ख आहे, म्हणजे दुखणं मनाचं आहे. नातेवाइकांना तर हे फारच सोयीचं पडलं. आचाऱ्याला चव बघायचीच नसते, मग त्याची जीभ जळो नाहीतर झडो, आमटीला काय फरक पडतो? मामांचं काम एक दिवस अडलं असतं ना, तर हेच लोक त्यांना धावत इस्पितळात घेऊन गेले असते. काम अडलं नाही. अडलं ते जेवण, आणि ते मामांचं एकट्याचं होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ते काही खोटं नाही.

मला माझ्या दाढेसाठी एका दंत-महाविद्यालयात जावं लागलं. तिथे तोंडाच्या विकारांची एक डॉक्टर होती. माझी दाढ राहिली बाजूला, मी तिला मामांचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, घेऊन या. घेऊन गेले. तिनं त्यांना मध्ये न तोडता सगळं बोलू दिलं, आणि मग म्हणाली, हे खरं आहे, याला नाव आहे. दुखणं तोंडात दिसत नाही कारण ते तिथल्या नसांचं आहे. मामा माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांना खरं म्हणणारी ती पहिली.

तिनं सांगितलं ते असं. फिट्स येणाऱ्यांना एक गोळी देतात, तिचा अगदी थोडा अंश पाण्यासारख्या औषधात मिसळून तोंडात धरला तर कित्येकांचा हा जाळ निवतो. मात्र गिळला की झोप आणतो, म्हणून थुंकून टाकायचा. असं तयार औषध बाजारात मिळत नाही. एका माणसापुरतं ते करवून घ्यावं लागतं.

करून देणारी होती मैलापुरात, तळ्यामागच्या गल्लीत. कामाक्षी तिचं नाव. फार्मसीची पदवी घेतलेली, पन्नाशीची, तोंडानं फटकळ. पुढे साधं औषधाचं दुकान आणि मागे काचेच्या दाराआड छोटी खोली, तिच्यात तराजू, खल, मोजपात्रं. कोणाला मलमातला एक घटक सोसत नाही, कोणाच्या तान्ह्या मुलाला मोठ्यांची गोळी पातळ करून हवी, अशी अडलेली माणसं तिच्याकडे यायची. चिठ्ठी बघून तिनं आधी डॉक्टरला फोन केला, प्रमाण पुन्हा विचारून घेतलं, आणि मग मामांची उलटतपासणी सुरू केली. पुदिना चालतो? गोड लागलं तर जळतं? आंबट? पहिली बाटली मामांना थोडी चरचरली. तिनं ती मोरीत ओतली आणि औषध ज्यात कालवतात ते पाणी बदलून दुसरी केली. वास नाही, रंग नाही, साखर नाही, अल्कोहोलचा थेंब नाही. जगात त्या एका तोंडासाठी केलेली बाटली.

"धरायचं, आणि थुंकायचं," ती तमिळमध्ये बजावून म्हणाली. "गिळायचं नाही. दिवसातून तीनदा. फ्रिजमध्ये ठेवा, हलवून घ्या."

"सरी, सरी, बरें," मामा म्हणाले.

पहिल्या आठवड्यात काही नाही. मामी म्हणाल्या, हेंही तसलेंच. मग एका दुपारी मामा दारात उभे. म्हणाले, दोन प्रहर झाले आणि अजून पेटलं नाही. घाबरल्यासारखे सांगत होते, चोरी केली असावी तसे. महिना सरता सरता जाळ नुसती ऊब राहिला. एका रविवारी मी त्यांना पाटावर बसवलं आणि भाकरी, पिठलं, दही वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला, थांबले, दुसरा घेतला.

"बाई, राग नसावा," ते म्हणाले. "मीठ कोंजम कमी आहे."

आयुष्यभर न चाखता मीठ घालणारा माणूस माझ्या पिठल्याला नाव ठेवत होता. मी आत ओट्याशी जाऊन रडले. आनंदानं रडले, उगाच काय लपवायचं. त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. मामी दारात उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या. ती बाई इतकी वर्षं नवऱ्यासमोर आपलं ताट लपवत जेवली होती.

पुढे चार-पाच महिने तो माणूस जेवला. गालावर मांस आलं. आचाऱ्यांची पंगत शेवटी बसते, तिच्यात बसून स्वतःचं सार स्वतः प्यायला लागले. "बरें होतें की माझें सार," मला येऊन म्हणाले. "लोक खोटें बोलत नव्हते."

मग पितृपक्ष आला.

त्या दिवसांत सोवळ्यातल्या आचाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. रोज एक घर, कधी दोन. सकाळ ते दुपार मडीत. मामा मला जिन्यात दिसायचे ते जडावलेले, बोलता बोलता पापण्या मिटायच्या. विचारलं तर म्हणायचे, काम फार आहे. आणि एका दुपारी मैलापुरातल्या एका बड्या घरी, वडिलांच्या श्राद्धाला, खिरीचं पातेलं चुलीवर ठेवून मामा भिंतीला टेकले आणि झोपले. साधी डुलकी नव्हे. खीर करपली, तिचा धूर माजघरात गेला, ब्राह्मण पानांवर बसायच्या बेतात, आणि आचारी घोरतोय. मालकानं येऊन खांदा हलवला तेव्हा मामांना उठून बसायलाही वेळ लागला. शब्द जड येत होते. शेजारच्या कोनाड्यात, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, एक तपकिरी बाटली.

यावरून लोकांनी काय ताडलं ते सांगायला नको. श्राद्धाच्या स्वयंपाकात आचारी पिऊन पडला. पितर उपाशी गेले. संध्याकाळपर्यंत ही बातमी मैलापुरातून मांबलमला पोचली, आणि ज्यांनी त्यांच्या हातचं तीस वर्षं खाल्लं होतं त्यांना एकदम आठवायला लागलं, की हो, हल्ली डोळे लाल असायचे खरे. मी ऐकलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाटलीत अल्कोहोलचा थेंब नको म्हणून त्या बाईनं पहिली बाटली ओतून दुसरी केली होती, ती दारूची ठरली.

मी मामांना समोर बसवलं. "तुम्ही ते गिळत होता का?"

"होय," ते सरळ म्हणाले.

"कामाक्षीनं बजावलं होतं ना?"

"मडी नसेल तेव्हां थुंकतोंच. मडींत कसें थुंकूं?" ते मलाच समजावून सांगायला लागले. सोवळ्यात तोंडात काही घालणंच पाप. पण औषध चालतं, कारण शास्त्र म्हणतं औषध म्हणजे गंगाजल आणि वैद्य म्हणजे नारायण. म्हणून दुपारची चूळ ते निर्धास्त घेत. "आणि गंगाजल म्हणून तोंडांत घेतलें, तर तें थुंकायचें कसें, बाई? तीर्थ कोणी थुंकतें का?"

म्हणून धरायचे, मनात एक स्तोत्र पुरं करायचे, आणि तीर्थासारखं गिळायचे. अधूनमधून एखादं काम असे तेव्हा ते खपून गेलं. पितृपक्षात दुपारपर्यंत मडी, तीही रोज, आणि घरी आल्यावरही नियम चालूच, म्हणून तिन्ही वेळा गिळलं. मी डोक्याला हात लावला. या माणसाच्या भाबडेपणाला हसावं की रडावं, कळेना. खोटं वागला असता, गुपचूप मागच्या नळाशी जाऊन थुंकला असता, तर कोणाला काही कळलं नसतं. नडला तो खरेपणा.

मी गिरीधरला घेऊन कामाक्षीकडे गेले. म्हटलं, समोरासमोर होऊन जाऊ दे. ती भडकली, पण मामांवर. मग शांत होऊन म्हणाली, यात बिघडलं काहीच नाही. थुंकलं तर झोप येणार नाही. सोवळ्यात बाटली नको असेल तर मी चघळायची छोटी वडी करून देते, डॉक्टरशी बोलते, पण तीही झाल्यावर थुंकावी लागेल. नाहीतर दुपारची वेळ बदलून देते, काम संपल्यावर घ्या. औषध माणसासाठी असतं, त्याच्या दिवसाप्रमाणे बसवता येतं, त्यासाठीच तर मी बसले आहे. तिनं नव्या बाटलीचं बूच काढून गिरीधरच्या नाकासमोर धरलं. "वास घ्या. येतो का दारूचा?"

गिरीधरनं वास घेतला. "वास न येणारीही असते की," तो म्हणाला.

कामाक्षीनं बूच लावलं आणि ती पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळली. मी मात्र रस्त्यावर त्याला हवं ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही बोलाल वो. उद्यां कराडास जाल. मज या लोकांत धंदा करायचा आहे." खरं बोलला. आणि खरी अडचण हीच, की मामा औषधानं झोपले हे मान्य केलं तर झोप आणणारं औषध चालू असलेला माणूस श्राद्धाला पाठवला म्हणून गिरीधर बेफिकीर ठरला असता. मामा प्यायले म्हटलं की दोष मामांचा, आणि प्रायश्चित्तानं धुऊन निघण्याजोगा.

प्रायश्चित्त ठरलं. चार वडीलधारे, एक भटजी, त्या मैलापूरच्या घरमालकाचं दिवाणखान्यातलं देवघर. मामांनी देवासमोर शपथ घ्यायची, की आजपासून त्या बाटलीला शिवणार नाही, मग त्यांना कामं मिळतील. मी मामांना आदल्या दिवशी हात जोडून सांगितलं, की घेऊ नका शपथ. दारू पीत नाही म्हणून घ्या, औषध घेत नाही म्हणून का घेता?

"दारू सोडतों म्हटलें तर पीत होतों असें होईल," ते म्हणाले.

"आणि जेवण?"

त्यांनी आपल्या हातांचे तळवे उलटून पाहिले. मग म्हणाले, "बाई, चूल नसली तर मी कोण? घरीं बसून जेवणारा म्हातारा. तसले पुष्कळ आहेत."

मी मामींकडे पाहिलं. वाटलं, ही तरी म्हणेल, खड्ड्यात गेली चूल. मामींनी फ्रिज उघडला, अर्धी बाटली काढली आणि मोरीत उपडी केली. मला म्हणाल्या, "दारुड्याची बायको म्हणवून घेणें मज होणार नाहीं." राग मला त्यांचाही आला, पण त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं ते मी छातीठोक सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी शपथ घेतली आणि वर पंचगव्य प्यायले. ते मात्र आनंदानं गिळायचं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोरच नव्हता, संन्यासी तेवढा सापडला.

कामं परत मिळाली. दोन आठवड्यांत जाळ परत आला, आणि महिन्याभरात गालावरचं मांस गेलं. ताक, भात, मिटलेले डोळे. पंगतीत लोक पुन्हा म्हणायला लागले, राघोत्तमरावांच्या साराला तोड नाही. गल्लीतून जाताना कामाक्षी मला विचारायची, "कसे आहेत तुमचे मामा?" मी खरं सांगायचे. ती मान हलवून आत जायची. दुसऱ्या कोणाला ते औषध देऊन उपयोग नव्हता आणि मामांना देता येत नव्हतं.

२००८ मध्ये महेशची बदली पुण्याला झाली. निघायच्या दिवशी घरात खोकी आणि उघड्या भिंती. दुपारी मामा आले, हातात डबा. त्यांनी आमच्यासाठी पुरता स्वयंपाक केला होता: सार, आंबट वरण, पच्चडी, वडे, आणि खीर. मी केळीची दोन पानं मांडली, महेशचं आणि माझं. मामा म्हणाले, "तिसरें मांडा."

मी त्यांच्याकडे बघितलं. दुपारची वेळ, म्हणजे जाळ भर शिखरावर.

"नको, मामा. मी काही रागावणार नाही."

"मांडा वो. तुमच्या घरीं जेविलों होतों, माझ्या हातचें तुम्हांसोबत जेवायचें राहिलें."

बसले. पहिला घास घेतला तेव्हा कानशिलाची शीर तट्ट फुगली. मी हात धरायला गेले, त्यांनी डोळ्यांनी नको म्हटलं. भात, सार, वरण, सगळं. घाम कपाळावरून नाकावर येत होता. महेश मान खाली घालून जेवत होता. मी एकही घास गिळू शकत नव्हते, आणि तो माणूस समोर निखारे गिळत होता, का, तर मी एकदा त्यांचं दुखणं खरं मानलं होतं म्हणून.

तेवढ्यात सामानाचा टेम्पो खाली आल्याचं सांगायला गिरीधर दारात आला. त्यानं मामांचं पान पाहिलं. वडा संपलेला, पच्चडी संपलेली, खिरीचा द्रोण रिकामा होत आलेला. त्याचा चेहरा उजळला. सुंठेवाचून खोकला गेला म्हणतात तसा.

"पाहिलें, अक्का?" तो मला म्हणाला. "बाटली सुटली आणि मामा पान भरून जेवूं लागले! मी म्हणत नव्हतों, अस्कें, अवघें दुखणें मनाचें होतें म्हणून?"

मी तोंड उघडणार, तोच मामांनी डावा हात वर करून मला थांबवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तोंडातला घास त्यांनी हळूहळू गिळला.

"होय रे, गिरी," ते म्हणाले. "मनाचेंच होतें."

आणि माझ्यापुढे द्रोण करून त्यांनी थोडं गार ताक मागितलं.